गरम भाकरीसाठी संप

मी खऱ्या अर्थाने वाचायला शिकले ती शेंगदाण्यांची फोलपटं काढताना. शाळेत बाराखडी झाली होती, पण सलग वाक्य, दम न घेता, आवाज चढवून वाचणं मी आमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर शिकले.

त्याला कारण आईची एक युक्ती. पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. ती द्वारका चौकाजवळच्या एका छापखान्यात छापली जायची. शाई फासलेले, तिरके छापलेले, अर्धे कोरे राहिलेले कागद छापखानावाला फेकून देणार म्हणून पप्पा गठ्ठा बांधून घरी आणत. गुलाबी, पिवळे, पोपटी, पातळ कागद. आमच्या घरात त्याच कागदांवर मेथी निवडली जायची, लसूण सोलला जायचा, तांदळातले खडे वेचले जायचे. पाठच्या कोऱ्या बाजूवर आम्ही गणितं करायचो. एकदा ओली मटकी गुलाबी कागदावर निथळत ठेवली, तर उसळीला असा रंग आला की भावाने ती दोन वेळा मागून खाल्ली. एरवी तो उसळीतली फक्त मटकी वेचून खायचा आणि कोथिंबिरीचं पान न पान ताटाच्या कडेला रांगेने लावून ठेवायचा.

तर शेंगदाणे. आई कढईत दाणे खमंग भाजून कागदावर ओतायची. मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान भाऊ दोन बाजूंना बसून ते तळहातांमध्ये चोळायचो, फुंकर मारून फोलपटं उडवायचो आणि अर्थातच खायचो. कुटाचा डबा कधी गळ्यापर्यंत भरला नाही. आईने रागावून पाहिलं, दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालून पाहिला. मग एक दिवस तिने हुकूम सोडला.

"चोळता चोळता वाचायचं. मोठ्यानं. खाली काय लिवलंय ते."

तोंड वाचनात गुंतलं की चघळायला मोकळं राहत नाही, असा तिचा हिशेब. पाळीपाळीने वाचायचो. वाचणारा थांबला की आई ओट्याकडून वळूनही न बघता म्हणायची, "काय रं, गिळायला थांबला काय?"

म्हणून आमचं बालवाङ्मय म्हणजे पत्रकं. 'कामगार बंधूंनो, जागे व्हा!' 'आश्वासने नकोत, अंमलबजावणी हवी!' भावाला 'अंमलबजावणी' म्हणता यायचं नाही. तो तिथे हमखास अडखळायचा, आणि त्या गडबडीत दोन दाणे तोंडात टाकायचा. आई निफाडकडच्या खेड्यात चौथीपर्यंत शिकलेली. ती नुसती ऐकायची. पण ऐकून ऐकून तिला आमच्याइतकंच पाठ झालं होतं. एकदा मी 'बंधूंनो' म्हटल्यावर तिने विचारलं, "बंधूच? अन् भगिनी कुठं गेल्या?"

"ते नाही लिहिलेलं."

"मंग भाजी निवडायला गेल्या असतील," ती म्हणाली, आणि लाटल्यासारखा हात फिरवत ओटा पुसत राहिली.

पप्पांना मी ते सांगितलं. ते खळखळून हसले. पुढच्या पत्रकात 'बंधू-भगिनींनो' आलं. आमच्या वस्तीत त्या काळी बायकोचं ऐकून मजकूर बदलणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर टीका करणार आहे.

पप्पांचा एक नियम होता. घरात जो जेवतो, त्याने घरात राबलं पाहिजे. त्यांनी एका पिवळ्या कागदाच्या पाठीमागे रेघा मारून कामांचा तक्ता केला आणि शिधा ठेवायच्या फळीखाली चिकटवला. मुलगी आणि मुलगा असा भेद त्यात मुळीच नव्हता. कांदा चिरणं भावाकडे, गिरणीतून दळण आणणं माझ्याकडे, लसूण दोघांकडे, पाणी भरणं एक दिवसाआड. मामा विंचूरजवळच्या गावात राहायचा. तो वर्षाला एक गोणी कांदे पाठवायचा, त्यामुळे आमच्याकडे कांद्याला तोटा नव्हता आणि भावाच्या डोळ्यांनाही. शेजारची काकू दारातून बघायची आणि म्हणायची, "अरे देवा, पोराला कांदा चिरायला बसवलंय! उद्या साडी नेसवा त्याला." त्यावर भाऊ नाक ओढत ओरडायचा, "काकू, तुमच्या दादाला पाठवा, त्यालापण शिकवतो!"

मला या तक्त्याचा फार अभिमान होता. शाळेत मैत्रिणींना सांगायचे. तक्त्यात पप्पांचं नाव नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आईचंही नव्हतं, पण तिचं नसण्याचं कारण वेगळं. उरलेलं सगळं तिचं होतं, ते मावण्याइतका कागद मोठा नव्हता. ती सकाळी महापालिकेच्या बालवाडीत मदतनीस म्हणून जायची, दुपारी परत येऊन धुणं, मग आम्ही, मग स्वयंपाक.

आणि रात्रीचं जेवण. आम्ही आठ वाजता जेवायचो. पप्पा, भाऊ आणि मी भिंतीला पाठ लावून ओळीने बसायचो. आई शेगडीजवळ. परातीत भाकरी थापल्याचा थपथप आवाज, तव्यावर पाणी फिरवल्यावर उठणारी वाफ, मग भाकरी उलटायची, आचेवर धरायची, ती टम्म फुगायची आणि तिथून थेट कुणाच्या तरी ताटात. भावाच्या ताटात पडली की तो आधी वरचा पापुद्रा सोलायचा. आतली वाफ तोंडावर घ्यायचा, पापुद्रा नुसता खायचा, आणि खालची जाड बाजू माझ्या ताटात ढकलायचा. मी ती ठेच्याबरोबर खायचे. मला जाड बाजूच आवडायची. या एका बाबतीत आम्ही आदर्श भावंडं होतो. वांग्याच्या भाजीला मात्र तो हात लावायचा नाही. वांग्याची फोड त्याच्या ताटातून पप्पांच्या ताटात, पप्पा न बघता ती खाऊन टाकत, आणि आई बघून न बघितल्यासारखं करी.

आमचं होईपर्यंत तिच्या भाकरी थापून व्हायच्या. परातीला चिकटलेलं पीठ खरवडून ती शेवटची एक लहान, जाडसर भाकरी करायची. आम्ही उठून हात धुवायचो. मग ती ओटा पुसायची, तवा उतरवायची, आणि सगळ्यात शेवटी कढईच पुढ्यात घेऊन बसायची. गार झालेल्या भाकरीने कढई पुसून खायची.

"तू गरम का नाही खात?" मी एकदा विचारलं होतं.

"मला गारच आवडती. गरमनं तोंड पोळतंय."

मी विश्वास ठेवला. कुणाला पापुद्रा आवडतो, कुणाला जाड बाजू, आईला गार. आवडी असतात माणसाच्या.

मी पाचवीत होते त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामाकडे गेलो. पप्पांना सुट्टी नव्हती. द्वारकेवरून यस्टीत बसलो, खिडकीची जागा भावाने ढोपराने मिळवली. मामाकडे नवी बाजरी आली होती. संध्याकाळी मामीने चुलीवर भाकरी करायला घेतल्या आणि आई चुलीपुढे जायला निघाली तर मामीने तिचा हात धरून तिला पाटावर बसवलं.

"अक्का, तुम्ही बसा. माहेराला आलाय का नोकरीला?"

आई बसली. आमच्याच ओळीत, माझ्या शेजारी. मी तिला कधी शेजारी बसून जेवताना पाहिलं नव्हतं, म्हणून मी माझं जेवण सोडून तिच्याकडेच बघत होते. मामीने चुलीच्या कडेला उभी करून शेकलेली भाकरी तिच्या ताटात टाकली. तिने ती लगेच मोडली. बोटं पोळली, तिने ती झटकली, फुंकरली आणि पुन्हा मोडली. वर कच्च्या तेलाची धार, शेजारी ठेचा आणि कांद्याची पात. पहिली संपायच्या आत ती म्हणाली, "वहिनी, अजून एक टाक गं. चांगली फुगव हां."

तिने तीन भाकरी खाल्ल्या. सगळ्या गरम. प्रत्येक वेळी आधी पापुद्रा सोलून वाफ तोंडावर घेतली, अगदी माझ्या भावासारखी. म्हणजे ती खोड त्याने कुणाकडून उचलली ते मला तेव्हा कळलं, आणि आई आम्हाला इतकी वर्षं काय सांगत आली तेही कळलं.

भाऊ माझ्या कानाशी आला. "तायडे, आई तर म्हणती तिला गार आवडती."

"खोटं बोलती," मी म्हणाले. मला तोवर आईचं खोटं कधी सापडलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये बसलो. मी आतल्या आत मसुदा तयार करत होते. दुसऱ्या घरातल्या मुलीने आईच्या गळ्यात पडून विचारलं असतं, किंवा सरळ बापाशी बोलली असती. आम्हाला तसं काही सुचलंच नाही. आम्हाला अन्यायावर एकच इलाज माहीत होता. पत्रक.

गुलाबी कागदाच्या कोऱ्या बाजूवर मी स्केचपेनने लिहिलं: 'जाहीर निवेदन! बंधू-भगिनींनो, या घरात आईला गरम भाकरी मिळत नाही. हा अन्याय आहे. आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे. एक, आईचे ताट आमच्याबरोबर मांडावे. दोन, पप्पांचे नाव तक्त्यात लिहावे व त्यांनी भाकरी शिकावी.' भाऊ म्हणाला मलापण एक मागणी हवी. मी नाही म्हणाले, तर तो म्हणाला मग मी सही करणार नाही. म्हणून तिसरी मागणी आली: 'वांग्याची भाजी कायमची बंद करावी.' शेवटी मोठ्या अक्षरात: 'मागण्या मान्य न झाल्यास सोमवारपासून स्वयंपाकघरातील सर्व कामे बंद!' खाली दोघांच्या सह्या. मी कागद घडी करून पप्पांच्या डब्याच्या पिशवीत सरकवला.

शनिवारी पप्पा पहिल्या पाळीहून आले ते हसतच. "अगं, बघितलंस का पोरांनी काय लिहिलंय? सगळ्या खात्यात फिरवला मी कागद. सगळे म्हणाले, याला म्हणतात संस्कार!" मग मला जवळ बसवून त्यांनी पेन काढलं. "हे बघ, 'लिहावे', 'करावी' असं नाही म्हणायचं. ती विनंती झाली. 'लिहिलेच पाहिजे.' असं ठणकावून. बाकी भाषा चांगली आहे. मुद्देसूद."

"पण मागण्या?"

"विचाराधीन," पप्पा डोळे मिचकावून म्हणाले, आणि रात्री भिंतीला पाठ लावून गरम भाकरी जेवले.

सोमवारी संप सुरू झाला.

मी दळणाला गेले नाही. भावाने कांदा चिरला नाही. लसूण टोपलीत तसाच. आम्ही दोघं दाराच्या उंबऱ्यावर हाताची घडी घालून बसलो. आईने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि विळी ओढून स्वतः कांदा चिरायला बसली. मग लसूण सोलला. पाणी भरलं. आठ वाजता भाकरी ताटात पडली. गरम. भावाने पापुद्रा सोलला.

मंगळवारीही तसंच. पप्पांना संप सुरू झाल्याचं कळलंसुद्धा नाही, कारण त्यांच्या ताटात काहीच कमी पडलं नव्हतं. मी मात्र फुशारले होते. दोन दिवस टिकलो होतो. पत्रकात लिहिलेलं असायचं की एकजूट टिकली पाहिजे, आणि आमची टिकली होती.

बाजरीचं पीठ फार दिवस ठेवता येत नाही, कडू होतं. म्हणून आमच्याकडे दळण थोडं थोडं, दर दोन-तीन दिवसांनी. ते काम माझं. बुधवारी डब्यात तळाशी पीठ उरलं होतं. आई बालवाडीतून आली, धुणं केलं, पाणी भरलं, मेथी निवडली, आणि गिरणी बंद व्हायच्या आत तिचं जाणं झालं नाही. मला ते दिसत होतं. डबा कुठे असतो, बाजरी कुठे असते, गिरणी किती वाजता बंद होते, सगळं मला माहीत होतं. मी उंबऱ्यावर बसून राहिले.

त्या रात्री परातीत पाचच भाकरींचं पीठ निघालं. दोन पप्पांच्या ताटात, दोन माझ्या आणि भावाच्या. पाचवी तव्यावर असतानाच भाऊ म्हणाला, "आई, अजून अर्धी." आईने ती त्याला अर्धी दिली आणि अर्धी पप्पांना. मग परात खरवडली. काही निघालं नाही. तिने परातीत पाणी ओतलं, मुठीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा घेतला आणि शेगडीजवळच पाय पसरून खायला लागली.

"तुला भाकरी?" मी विचारलं.

"पीठ कुठंय?"

माझा घास तोंडातच राहिला. पप्पांनी वर पाहिलं. "का? दळण नाही आणलं?"

"संप हाय ना," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. ती एक एक दाणा तोंडात टाकत होती. "तीन दिस झाले. तुमच्या पोरांनी कागुद दिला नव्हता काय तुमाला? तुमीच तर सुधरून दिला." मग ती माझ्याकडे वळली. "इतकी पत्रकं वाचली बये, अन् एवढं समजलं नाय? मागण्या कुनाकडं, अन् संप कुनावर?"

भाऊ रडायला लागला आणि त्याने हातातली अर्धी भाकरी तिच्यापुढे धरली. पापुद्रा आधीच खाऊन झाला होता. आईला हसू आलं. "खा तू. वांगं नाय खायचं म्हनून सही केली, अन् आता रडतो. पुढारी कसला तू."

पप्पांनी ताटात हात धुतला. त्यांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच होती. ती त्यांनी आईकडे सरकवली नाही, हे मला आजही आठवतं. कदाचित उष्टी द्यायची लाज वाटली असेल. ते उठून फळीखालच्या तक्त्यापाशी गेले आणि बराच वेळ तो कागद बघत उभे राहिले. त्यांनीच लिहिलेला होता, त्यात न वाचलेलं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मी बाजरीचा डबा घेऊन गिरणीत गेले. संप मागे घेतल्याचं पत्रक मी काढलं नाही. पुढे कॉलेजात मी पुष्कळ पत्रकं लिहिली, गंगापूर रोडवर उभी राहून वाटली, मोर्चात घोषणा दिल्या. प्रत्येक मसुदा झाला की मी एकदा थांबते आणि विचार करते की हे बंद पडलं तर आज संध्याकाळी कुणाची परात रिकामी राहील. सोबतचे लोक वैतागतात. वैतागू देत.

त्या आठवड्यात तक्त्यात पप्पांच्या अक्षरात एक ओळ वाढली: 'रविवार, रात्र, भाकरी.' पुढे त्यांचं नाव.

रविवारी त्यांनी बाह्या दुमडल्या आणि परात पुढ्यात घेतली. आईचं ताट आमच्या ओळीत मांडलं होतं, भावाच्या आणि माझ्या मधे. ती बसायला तयार नव्हती, दोनदा उठली, दोन्ही वेळा भावाने तिचा पदर ओढून खाली बसवलं. "आई, अंमलबजावणी!" तो ओरडला. पहिल्यांदाच न अडखळता.

पप्पांनी पीठ मळलं. पाणी जास्त झालं, म्हणून पीठ घातलं, मग पीठ जास्त झालं म्हणून पाणी. पहिली भाकरी परातीतून उचलतानाच तिचे तीन तुकडे झाले. दुसरी तव्यापर्यंत पोचली, पण कडा अशा चिरल्या होत्या की भाऊ म्हणाला, "हा महाराष्ट्राचा नकाशा आहे का?" आई तोंडाला पदर लावून हसत होती. तिचे हात मांडीवर स्वस्थ बसत नव्हते, ते हवेतच थापत होते. "रगडा अजून. तळहातानं. घाबरता काय, बाजरीच हाय ती." पप्पांना घाम फुटला होता. सभेत बोलताना त्यांना मी कधी घामाघूम पाहिलं नव्हतं.

तिसरी भाकरी त्यातल्या त्यात गोल झाली. फुगली नाही. एका बाजूला काळी पडली, दुसऱ्या बाजूला पिठूळच राहिली. पण गरम होती. वाफ निघत होती. पप्पांनी ती चिमट्याने उचलून आणली आणि आईच्या ताटात ठेवली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

मला खात्री होती की ती म्हणेल, छान झाली. ती आयुष्यभर तसंच म्हणत आली होती. कढई पुसून खाल्लं तरी छान, गार खाल्लं तरी छान, नाही खाल्लं तरी भूकच नव्हती. तिने कडेचा तुकडा मोडला. बोटं पोळली, ती फुंकरली. घास तोंडात टाकून सावकाश चावला. मग तिने ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं.

"कच्ची हाय," ती म्हणाली. "ही मी नाय खात. दुसरी टाका."

पप्पा परत परातीकडे वळले.